वाढ्याने पोट भरते, पण म्हैस पोसते का?



गळीत हंगाम सुरू झाला की आपल्या कार्यक्षेत्रातल्या प्रत्येक गावात संध्याकाळी एकच दृश्य पहावयास मिळते. सायकलच्या कॅरिअरवर, मोटारसायकलच्या मागे, बैलगाडीच्या वर आणि आयाबायांच्या डोक्यावर वाढ्याचे हिरवेगार भारे गावाकडे चाललेले असतात. फडात वाढे तोडणी टोळीचे, ही जुनी रीत. त्यातले काही टोळीचे बैल खातात, उरलेले गावात विकले जाते. चार-पाच महिने वैरणीची ददात नसते. ज्याच्या दावणीला वाढे, त्याच्या घरी दिवाळी संपतच नाही, असे आम्हांलाही बरीच वर्षे वाटत असे.

दोन हंगामांमागची गोष्ट. खोडव्याच्या पाहणीसाठी आम्ही एका गावात गेलो होतो. बांधावरून परत येताना एका सभासदाच्या घरी पाणी प्यायला थांबलो, तर गोठ्यात म्हैस आडवी पडलेली. व्यायला पाच दिवस झालेले. मान पोटाकडे वळवून पडली होती, कान गार, उठवली तरी उठेना. घरच्या काकी तिच्या तोंडाशी वाढ्याचे कोवळे शेंडे धरून बसल्या होत्या. आम्हांला बघून त्या म्हणाल्या, "साहेब, म्हस पोटभर खात हुती की. दावणीत कधी वाडं कमी पडू दिलं न्हाई. आधी दूध तुटलं, आन आता तर उठंना झालीया. आमचं काय चुकलं?"

जनावरांचे डॉक्टर आले. त्यांनी शिरेतून कॅल्शियमची बाटली हळूहळू सोडली. तासाभरात म्हैस उभी राहिली आणि घरातल्या माणसांच्या जिवात जीव आला. पण काकींच्या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हते. आम्ही ऊस विकास खात्याची माणसे. बेणे, लावण, खत, पाणी, तोड आणि शेवटी काटा, इथवर आमचा संबंध. उसाच्या शेंड्याचे पुढे काय होते, ते गोठ्यात काय करते, हा विचार आम्ही कधी केला नव्हता. डिप्लोमाला पशुसंवर्धनाचा विषय होता, पण तो परीक्षेपुरता. म्हणून त्या दिवशी आम्ही फडातून वाढ्याचा नमुना घेतला, पशुखाद्य तपासणाऱ्या प्रयोगशाळेत पाठविला आणि तिथल्या मंडळींना बरेच प्रश्न विचारले. त्यातून जे समजले ते सभासदांपुढे ठेवीत आहोत.

आपल्या जिल्ह्यात ऊस आणि दूध ही एकाच संसाराची दोन चाके आहेत. १९६३ साली स्थापन झालेला जिल्हा दूध संघ, म्हणजे आपला गोकुळ, आणि गावोगावच्या दूध संस्था यांच्यामुळे दर दहा दिवसांनी घरात रोख पैसा येतो. उसाचे बिल वर्षाने येते. मधल्या काळात मुलांची फी, किराणा आणि सोसायटीचा हप्ता दुधावर चालतो. तेव्हा वाढ्याचा प्रश्न हा आपल्या खात्याचा नाही असे म्हणून चालणार नाही.

प्रयोगशाळेत नेमके काय पाहतात?

जनावराला काय आवडते हे दावणीत कळते. पण त्याला काय मिळते हे प्रयोगशाळेत कळते. ही तपासणी चार पायऱ्यांनी होते.

पहिली पायरी ओलाव्याची. नमुना भट्टीत सुमारे १०० अंश उष्णतेवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवतात. ताज्या वाढ्यात १०० किलोमागे ७० ते ७५ किलो निव्वळ पाणी असते. म्हणजे ४० किलोचा भारा घरी आणला तर खरी वैरण फक्त १० ते १२ किलो. बाकीचे पाणी आपण पैसे देऊन वाहून आणले!

दुसरी पायरी प्रथिनांची. डेन्मार्कमध्ये कोपनहेगन येथील कार्ल्सबर्ग या बिअर कारखान्याच्या प्रयोगशाळेत योहान केल्डाल नावाचे शास्त्रज्ञ होते. त्यांनी १८८३ साली धान्यातला नत्र मोजण्याची पद्धत बसविली. नमुना तीव्र आम्लात उकळायचा, त्यातला नत्र अमोनियाच्या रूपाने वेगळा काढायचा आणि मोजायचा. प्रथिनात साधारण १६ टक्के नत्र असतो, म्हणून आलेल्या आकड्याला ६.२५ ने गुणले की 'क्रूड प्रोटीन' मिळते. आजही ही रीत जगभर वापरली जाते. मात्र यात एक मेख आहे. ही पद्धत प्रथिन मोजीत नाही, नत्र मोजते. युरियात ४६ टक्के नत्र असतो, त्याला ६.२५ ने गुणले तर २८७ टक्के प्रोटीन निघेल! तेव्हा पशुखाद्याच्या पोत्यावर प्रोटीनचा आकडा मोठा दिसला म्हणून भुलू नये. युरिया आहे का आणि किती, हेही वाचावे.

तिसरी पायरी तंतूंची. जर्मनीतील वेंडे या गावी १८६० च्या दशकात तंतू मोजण्याची जुनी पद्धत तयार झाली. पुढे शंभर वर्षांनी, १९६० च्या दशकात, अमेरिकेत व्हॅन सोएस्ट यांनी साबणासारख्या द्रावणात नमुना उकळून पेशीच्या भिंतीचा भाग वेगळा काढण्याची पद्धत आणली. या भिंतीत सेल्युलोज असते, ते गाई-म्हशींच्या कोठीपोटातले जंतू पचवू शकतात. पण त्याला लिग्निन चिकटलेले असते. लिग्निन म्हणजे दगडी भिंतीतला चुना. तो जितका पक्का, तितके आतले दगड निघणे अवघड. पीक जून झाले की लिग्निन वाढते.

चौथी पायरी सगळ्यांत महत्त्वाची, ती पचनाची. इंग्लंडमधील टिली आणि टेरी या दोघांनी १९६३ साली सोपी युक्ती प्रसिद्ध केली. जनावराच्या कोठीपोटातला रस काढायचा, तो काचेच्या नळीत वैरणीच्या भुकटीवर ओतायचा, अंगाच्या उष्णतेवर ४८ तास ठेवायचा, मग पुढचे ४८ तास आम्ल आणि पेप्सिन यांत ठेवायचा. शेवटी जे उरले ते न पचलेले. दुसऱ्या एका पद्धतीत वैरण नायलॉनच्या बारीक छिद्रांच्या पिशवीत घालून प्रत्यक्ष जनावराच्या कोठीपोटात ठेवतात आणि ठरावीक तासांनी काढून वजन करतात. त्यासाठी जनावराच्या कुशीला शस्त्रक्रियेने कायमची खिडकी केलेली असते. थोडक्यात, काचेच्या नळीत किंवा पिशवीत एक छोटी म्हैसच रवंथ करून दाखवते म्हणा ना!

आपल्या उसाचा निकाल

ही कसोटी उसाच्या निरनिराळ्या भागांना लावली तर निकाल असा लागतो. आकडे सुक्या वैरणीवरचे आणि सर्वसाधारण आहेत. जात, वय आणि जमीन यांप्रमाणे थोडे खालीवर होतात. आम्ही पाठविलेला नमुनाही याच मर्यादेत बसला.

हिरवे वाढे : प्रथिने ५ ते ६ टक्के, पेशीभिंतीचा भाग ६५ ते ७० टक्के. साधारण निम्मे पचते. कॅल्शियम आणि स्फुरद दोन्ही कमी.

वाळलेले पाचट : प्रथिने २ ते ३ टक्के. लिग्निन जास्त, पचन वाढ्यापेक्षा बरेच कमी.

बगॅस म्हणजे चिपाडाचा भुसा : प्रथिने २ टक्क्यांच्या आसपास, पेशीभिंतीचा भाग ८० टक्क्यांच्या वर. जेमतेम चौथा ते तिसरा हिस्सा पचतो.

मळी म्हणजे मोलॅसिस (काही गावांत प्रेसमडलाही मळी म्हणतात, ती नव्हे) : जवळजवळ निम्मी साखर. ताकद देणारी, चवीची, पण कामाची प्रथिने नसल्यात जमा. म्हणून पशुखाद्यात ती थोड्या प्रमाणातच मिसळतात.

या बाबतीत आपल्या महाराष्ट्रात चांगले काम झालेले आहे. पुण्याजवळ उरुळीकांचन येथे मणिभाई देसाई यांनी १९६७ साली बायफ ही संस्था स्थापन केली. तेथील डॉ. रांगणेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निकृष्ट वैरणीवर जास्त दाबाची वाफ सोडून तिची पचनीयता वाढते का, याचे प्रयोग केले आणि १९८२ साली ते शास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. वाफेने भिंत सैल होते, पचन वाढते. पण वाफ प्रथिने घालू शकत नाही. ती बाहेरूनच द्यावी लागतात. शिवाय आज बगॅस बॉयलरला आणि सहवीजनिर्मितीला लागतो. तेव्हा बगॅसवर म्हैस पोसण्याचा विचार दुष्काळापुरताच ठेवावा हे बरे.

सात टक्क्यांची रेघ

आता काकींच्या प्रश्नाकडे येऊ. म्हैस पोटभर खात होती, मग दूध का तुटले?

म्हैस स्वतः वैरण पचवीत नाही. तिच्या कोठीपोटातले कोट्यवधी जंतू ती पचवतात आणि मग म्हैस त्या जंतूंवर जगते. त्या जंतूंना नत्र लागतो. एकूण वैरणीत प्रथिने साधारण ७ टक्क्यांच्या खाली गेली की जंतू उपाशी पडतात, वैरण पोटात रेंगाळते आणि जनावराचे खाणेही कमी होते. वाढ्यात आहेत ५ ते ६. म्हणजे नुसत्या वाढ्यावरची म्हैस या रेघेच्या अलीकडेच राहते. पोट टम्म दिसते, कारण पोट रिकामे होत नाही!

थोडा हिशेब करू. रोज ४० किलो वाढे खाल्ले तर सुकी वैरण सुमारे ११ किलो, त्यात प्रथिने सुमारे ६०० ग्रॅम. त्यातली निम्मी पचली असे धरले तरी ३०० ग्रॅम. म्हशीच्या दुधात साधारण ४ टक्के प्रथिने असतात, म्हणजे ८ लिटर दुधातून ३२० ग्रॅम बाहेर गेली. तिच्या स्वतःच्या अंगाला काय उरले? उणे वीस! ही तूट ती काही दिवस अंगावरचे मांस झिजवून भरून काढते, मग दूध तोडते. काकी सरकी पेंड देत होत्या, पण वाढे मुबलक म्हणून पेंड निम्मी केली होती. तिथेच हिशेब चुकला.

दुसरी गोष्ट ऑक्झॅलेटची. वाढ्यात ऑक्झॅलिक आम्लाचे क्षार असतात. ते वैरणीतल्या कॅल्शियमला धरून बसतात आणि ते कॅल्शियम शेणावाटे निघून जाते. आधीच वाढ्यात कॅल्शियम कमी, त्यात असलेल्यालाही वाटेकरी. कोठीपोटात ऑक्झॅलेट मोडणारे जंतू असतात, १९८० च्या दशकात शास्त्रज्ञांनी त्यातल्या एकाला नावही दिले. पण ते जंतू वाढायला काही दिवस लागतात. म्हणून कडब्यावरच्या जनावरास एका दिवसात एकदम वाढ्यावर टाकू नये. आठ-दहा दिवसांत हळूहळू पालट करावा.

काकींची म्हैस वाढ्यामुळेच पडली असे डॉक्टरांनी सांगितले नाही, आम्हीही सांगणार नाही. व्याल्यावर चिकात आणि दुधात एकदम कॅल्शियम जाते आणि चांगल्या दुधाच्या जनावराला हा आजार कोणत्याही वैरणीवर होऊ शकतो. पण महिनोन्महिने नुसत्या वाढ्यावर ठेवलेल्या जनावराची शिल्लक कमी पडते, एवढे खरे.

चुन्याची निवळी : किती खरी, किती पुरेशी?

आपल्याकडे वाढ्यावर चुन्याची निवळी शिंपडण्याची शिफारस पूर्वीपासून आहे आणि ती योग्य आहे. चुना रात्री पाण्यात भिजवावा, सकाळी ढवळून पुन्हा निवळू द्यावा आणि वरचे स्वच्छ पाणी कुट्टीवर शिंपडून मग घालावे. निवळीतले कॅल्शियम ऑक्झॅलेटला आधीच बांधून टाकते.

पण काही सभासद समजतात की निवळी शिंपडली म्हणजे कॅल्शियमचे काम झाले. तसे नाही. चुना पाण्यात फार थोडा विरघळतो. एक लिटर निवळीत कॅल्शियम एक ग्रॅमसुद्धा नसते. उलट म्हशीच्या एका लिटर दुधातून सुमारे १.८ ग्रॅम कॅल्शियम जाते, म्हणजे ८ लिटरला १४-१५ ग्रॅम. तेव्हा निवळी ही ऑक्झॅलेटसाठी, आणि क्षार मिश्रण हे कॅल्शियम-स्फुरदासाठी. दोन्हींची कामे वेगळी. एकाने दुसऱ्याचे काम होत नाही.

मग करावे काय?

वाढे घालूच नये असे आम्ही म्हणत नाही. पिकाबरोबर आलेली हिरवी वैरण टाकून देण्याइतके आपण श्रीमंत नाही. सभासदांनी पुढील गोष्टी कराव्यात.

१. वाढे अख्खे न टाकता कुट्टी करून घालावे. नासाडी कमी होते आणि निवळी, क्षार नीट मिसळतात.

२. एकूण वैरणीत द्विदल चारा असावा. लसूण घासात सुक्या वजनावर १८ टक्क्यांच्या आसपास प्रथिने असतात. ३० किलो वाढे आणि १० किलो हिरवा लसूण घास एकत्र केले तर मिश्रण सुमारे ८ टक्क्यांवर जाते, म्हणजे सातची रेघ ओलांडली! लसूण घास ओला आणि उपाशी पोटी एकटा घालू नये, पोट फुगते. वाढ्याच्या कुट्टीत मिसळूनच घालावा. घास नसेल तर चवळी, भुईमुगाचा पाला, बांधावरची शेवरी किंवा सुबाभूळ यांचा उपयोग करावा.

३. वाढे मुबलक आहे म्हणून पेंड किंवा पशुखाद्य कमी करू नये. दुधाच्या प्रमाणात ते चालूच ठेवावे.

४. क्षार मिश्रण दररोज, पिशवीवरील सूचनेप्रमाणे. गाभण म्हशीला शेवटच्या महिन्यात किती द्यावयाचे ते डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. त्या काळात अती कॅल्शियमही बाधते.

५. जास्तीच्या वाढ्याचा मुरघास करावा. बारीक कुट्टी, चांगली दाबून, हवाबंद पिशवीत किंवा खड्ड्यात. वाढ्यात साखर असते त्यामुळे ते चांगले मुरते, आणि एप्रिल-मे मध्ये फड संपल्यावर हीच वैरण हाताशी येते.

६. राधानगरी, भुदरगड, गगनबावडा, शाहूवाडी या भातपट्ट्यातल्या सभासदांना पिंजरावर युरिया प्रक्रिया करता येते. १०० किलो पिंजराला ४ किलो युरिया, ५० ते ६० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून, थरावर थर शिंपडून, तीन आठवडे हवाबंद. पण हे काम पहिल्यांदा जाणकाराच्या देखरेखीखालीच करावे. युरिया अंदाजाने, पाण्यातून किंवा नुसता कधीही देऊ नये. जनावर दगावते. लहान वासरांना ही वैरण नाही.

पाचट दावणीत नको, सरीत हवे

आता थोडे आमच्या खात्याचे. प्रयोगशाळेने वाढे आणि पाचट यांत जो फरक दाखविला तो सभासदांनी मनात धरावा. पाचटात म्हशीला देण्यासारखे फारसे नाही, पण जमिनीला देण्यासारखे पुष्कळ आहे. हेक्टरी साधारण ८ ते १० टन पाचट निघते. ते पेटवून दिले की धूर होतो आणि नत्र हवेत जातो. खोडव्यात सरीआड ठेवले, कुजविले, तर ओल टिकते, तण दबते आणि सेंद्रिय खत मिळते. ज्याचा जो मान, तो त्याला द्यावा : वाढे गोठ्याला, पाचट सरीला.

तोडणीच्या वेळीही लक्ष असू द्यावे. काही फडांत भारा वजनदार व्हावा म्हणून वाढ्याला एक-दोन कांड्या जास्त ठेवतात. त्या कांड्या सभासदाच्या वजनातून जातात. उलट कच्चा शेंडा मोळीत आला तर कारखान्याचा उतारा घटतो. शेंडा योग्य ठिकाणी तोडला तर तिघांचेही भले आहे : सभासदाचे, टोळीचे आणि कारखान्याचे. आणखी एक. आता तोडणी यंत्रे वाढत आहेत. यंत्र शेंडा कापून शेतातच उडविते, भारा हाती लागत नाही. ज्यांची म्हैस आजवर वाढ्यावर उभी आहे त्यांनी एखादा गुंठा लसूण घासाचा किंवा हत्ती गवताचा आत्तापासून लावावा, ही विनंती.

त्या काकींच्या घरी आम्ही मागच्या हंगामात पुन्हा गेलो. बांधाला शेवरी लागलेली, कुट्टी यंत्र शेजाऱ्याशी भागीत घेतलेले, आणि दावणीजवळ क्षार मिश्रणाची पिशवी खुंटीला टांगलेली. म्हैस पुन्हा व्याली होती आणि या खेपेस पडली नव्हती. एका म्हशीवरून शास्त्र ठरत नाही, हे आम्ही जाणतो. काकी मात्र हसून म्हणाल्या, "साहेब, आता वाडं कमी आणतो आन हिशेब जास्त करतो."

सभासद बंधू-भगिनींनी यापेक्षा जास्त काही करू नये असे नाही, पण एवढे तरी जरूर करावे. वैरणीचा नमुना तपासून घ्यावयाचा असल्यास आठ-दहा भाऱ्यांतून थोडे थोडे घेऊन, कापून, एकत्र मिसळून मग त्यातला भाग पिशवीत भरावा. एकाच भाऱ्यातला नमुना खरे सांगत नाही. पुढची मदत लागल्यास आपल्या गट ऑफिसात यावे. काट्यापर्यंतच आमचा संबंध, असे आम्ही यापुढे म्हणणार नाही.

– ऊस विकास अधिकारी